शोथजन्य आंत्रविकार आणि तरुण रुग्णांतील रक्तगुठळी

ज्या रुग्णाच्या आतड्यातून रक्त जात असते, त्याच्याच शिरांमध्ये रक्त गोठून बसण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो, हे विधान प्रथमदर्शनी विसंगत वाटते. रक्तस्राव आणि रक्तक्लथन या परस्परविरोधी क्रिया होत, असा सर्वसाधारण समज आहे. आणि रुग्णशय्येपाशी उभ्या असलेल्या वैद्यासही समोर दिसणाऱ्या रक्तस्रावाचीच चिंता अधिक वाटते, हे स्वाभाविक आहे. तथापि शोथजन्य आंत्रविकाराच्या बाबतीत ही विसंगती केवळ भासमान आहे. आतड्यातील जो शोथ व्रण पाडून रक्त वाहवतो, तोच शोथ सर्व शरीरातील रक्ताची गोठण्याची प्रवृत्तीही वाढवितो.

या प्रश्नास तरुण रुग्णांच्या संदर्भात विशेष महत्त्व आहे. हे विकार बहुधा पंधरा ते पस्तीस या वयात प्रकट होतात, म्हणजे ज्या वयात शिरांतील गुठळीची शंका सहसा कोणाच्या मनास शिवत नाही, त्याच वयात. पन्नाशी उलटलेल्या मनुष्याचा पाय सुजला, तर वैद्य गुठळीचा विचार करतो. सोळा वर्षांच्या मुलीचे डोके दुखू लागले, तर तो करीलच असे नाही. त्यातच जोखीम सांगणारे आकडे दोन प्रकारचे असतात आणि ते परस्परांशी विसंगत वाटतात. त्यांचा अर्थ नीट लावल्यावाचून तरुण रुग्णाच्या बाबतीत योग्य निर्णय घेता येत नाही. हे विवेचन मुख्यत: त्यासाठीच आहे.

विकारांचे स्वरूप व पूर्वेतिहास

शोथजन्य आंत्रविकार या संज्ञेत दोन प्रमुख रोगांचा समावेश होतो. सव्रण बृहदांत्रशोथात मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरास सूज येऊन व्रण पडतात व हा शोथ गुदाशयापासून वर पसरत जातो. लंडनचे सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ साली या रोगाचे वर्णन केले. दुसरा रोग क्रोन यांच्या नावाने ओळखला जातो. तो पचनमार्गाच्या कोणत्याही भागात उद्भवू शकतो व आतड्याच्या भिंतीची सर्व जाडी व्यापतो. न्यूयॉर्क येथील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपेनहाइमर यांनी १९३२ साली त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. दोन्ही रोगांत उद्रेकाचा काळ आणि उपशमाचा काळ आलटून पालटून येतात.

आंत्रविकार आणि रक्तगुठळी यांचा संबंध नव्याने ध्यानात आलेला नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील बार्गेन व बार्कर यांनी १९३६ सालीच सव्रण बृहदांत्रशोथाच्या रुग्णांत नीला व रोहिणी या दोहोंमध्ये विस्तृत गुठळ्या आढळल्याचे नमूद केले होते. त्याच संस्थेतून १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७,१९९ रुग्णांपैकी ९२ जणांस असा उपद्रव झाल्याचे दिसून आले.

येथे एक शंका उपस्थित होते. कोणताही दीर्घकालीन शोथ रक्तास गोठण्यास प्रवृत्त करीत असेल, तर या आंत्रविकारांचेच वैशिष्ट्य ते काय? व्हिएन्ना येथील संशोधकांनी २००४ साली या शंकेचे उत्तर शोधले. त्यांच्या पाहणीत शोथजन्य आंत्रविकाराच्या रुग्णांपैकी ६.२ टक्के जणांस केव्हा ना केव्हा गुठळीचा विकार झालेला होता. त्यांच्याशी वय व लिंग यांनी जुळणाऱ्या निरोगी व्यक्तींत हे प्रमाण १.६ टक्के होते. उलटपक्षी संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णांत ते २.१ टक्के व गव्हातील ग्लूटेन न सोसणाऱ्या सीलिअक रोगाच्या रुग्णांत १.० टक्का आढळले. सारांश, केवळ शोथ, किंवा केवळ आतड्याचा विकार, एवढ्याने ही जोखीम उलगडत नाही.

गुठळी का बनते?

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांचे गुठळ्यांविषयीचे संशोधन १८५६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. रक्तप्रवाहाची मंदता, रक्तवाहिनीच्या अंत:स्तराची इजा आणि रक्ताच्या घटकांत झालेला फेरफार, ही कारणांची त्रयी पुढे त्यांच्याच नावाने रूढ झाली. शोथजन्य आंत्रविकारात ही तिन्ही कारणे एकत्र येतात.

प्रथम रक्ताच्या घटकांचा विचार करू. शोथाच्या वेळी बाहेर पडणारी अर्बुदनाशक घटक-आल्फा व इंटरल्यूकिन-६ यांसारखी संदेशवाहक प्रथिने विशिष्ट पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागी 'ऊतक घटक' नावाचे प्रथिन प्रकट करवितात. क्लथनाची साखळी प्रत्यक्षात येथून सुरू होते. त्याच वेळी यकृत फायब्रिनोजेन अधिक प्रमाणात तयार करते व क्लथनाचा आठवा घटकही रक्तात वाढतो. बिंबाणूंची संख्या वाढते, आणि संख्येपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे ते लवकर उद्दीपित होतात. दीर्घकाळ होणाऱ्या रक्तस्रावाने शरीरातील लोह कमी झाले की बिंबाणूंच्या संख्येत आणखी भर पडते. आरंभी उल्लेखिलेल्या विसंगतीचा उलगडा येथे अंशत: होतो. रक्त वाहून जाण्याने गुठळीपासून संरक्षण तर मिळत नाहीच. परंतु त्यातून येणारी लोहन्यूनता गुठळीस साहाय्यक ठरू शकते.

ज्या यंत्रणा एरवी क्लथनास आवर घालतात, त्याही या विकारात दुबळ्या होतात. अंत:स्तराच्या पृष्ठभागावर 'प्रथिन सी' कार्यान्वित करणारी यंत्रणा शोथामुळे क्षीण होते. व्रणयुक्त आतड्यातून प्रथिने झिरपून जातात व त्यांबरोबर अँटिथ्रॉम्बिनसारखे संरक्षक द्रव्यही गमावले जाते. तयार झालेली गुठळी विरघळविण्याच्या क्रियेस विरोध करणारे द्रव्य रक्तात वाढते. त्यामुळे बनलेली गुठळी लवकर नाहीशी होत नाही. अंत:स्तराची इजा आणि रक्ताचा फेरफार ही दोन कारणे अशा रीतीने एकमेकांत मिसळून गेलेली असतात.

राहिली प्रवाहाची मंदता. दिवसातून दहा-पंधरा वेळा शौचास जावे लागल्याने शरीरातील पाणी कमी होते व रक्त दाट बनते. अशक्तपणामुळे रुग्ण अंथरुणास खिळतो. पोषणद्रव्ये देण्यासाठी मोठ्या नीलेत नळी घातली असेल, तर त्या नळीच्या पृष्ठभागावरही गुठळी धरू शकते.

आनुवंशिक दोषांचा वाटा मात्र अपेक्षेपेक्षा कमी आहे. १९९४ साली नेदरलंड्समधील लायडेन येथे क्लथनाच्या पाचव्या घटकातील एक आनुवंशिक दोष उघडकीस आला. युरोपीय वंशाच्या लोकांत तो बराच आढळतो. परंतु शोथजन्य आंत्रविकाराच्या रुग्णांत तो इतर लोकांपेक्षा अधिक प्रमाणात असल्याचे दिसलेले नाही. जोखीम मुख्यत: अर्जित आहे आणि ती शोथाच्या तीव्रतेबरोबर चढत-उतरत असते. ज्या गोष्टीवर उपचार करता येतात, तीच येथे प्रधान कारण आहे, असा याचा अर्थ होतो.

गुणोत्तर आणि दर

आता आकड्यांकडे वळू. जोखीम दोन प्रकारे सांगता येते. रुग्णांतील प्रमाण निरोगी लोकांतील प्रमाणाच्या कितीपट आहे, हे सांगणे म्हणजे सापेक्ष जोखीम. आणि ठरावीक संख्येच्या रुग्णांपैकी वर्षभरात प्रत्यक्ष कितीजणांस गुठळी होते, हे सांगणे म्हणजे निरपेक्ष जोखीम. पहिल्यास गुणोत्तर व दुसऱ्यास दर म्हणता येईल.

कॅनडातील मॅनिटोबा प्रांताच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गुठळीचा दर साठीपुढील रुग्णांत सर्वाधिक आढळला; परंतु गुणोत्तर सर्वाधिक आढळले ते चाळिशीच्या आतील रुग्णांत. डेन्मार्कमधील सुमारे ५० हजार रुग्णांच्या २०११ सालच्या अभ्यासातही हेच दिसले. सर्व वयांचा एकत्र विचार करता जोखीम सुमारे दुप्पट होती. वीस वर्षे व त्याखालील वयोगटात मात्र ती सुमारे सहापट भरली.

याचे कारण समजणे कठीण नाही. निरोगी मुलांत शिरांतील गुठळी अत्यंत विरळा असते. बालवयात थ्रॉम्बिन निर्माण करण्याची रक्ताची क्षमता प्रौढांपेक्षा कमी असते व आल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन हे प्रतिबंधक प्रथिन अधिक असते. भाजक लहान असला की भागाकार मोठा येतो. तेव्हा मोठे गुणोत्तर पाहून तरुण रुग्ण वृद्धापेक्षा अधिक संकटात आहे, असा निष्कर्ष काढणे चूक होय. परंतु दर लहान आहे म्हणून गुणोत्तराकडे दुर्लक्ष करणे हीदेखील तितकीच चूक होय. तरुण वयाने दिलेले नैसर्गिक संरक्षण या विकाराने बऱ्याच अंशी हिरावून घेतले आहे, हे गुणोत्तरावरूनच कळते.

बालवयात आंत्रविकार जडलेल्या रुग्णांविषयी एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात गुठळीचा दर दहा हजार व्यक्ति-वर्षांस ३.७२ इतका आढळला, तर सर्वसाधारण मुलांत तो ०.२७ होता. गुणोत्तर चौदापट आहे. दर मात्र वर्षाकाठी सुमारे २,७०० मुलांत एक एवढाच. दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत. पालकांस फक्त पहिले सांगितले तर ते भयभीत होतील. फक्त दुसरे सांगितले तर निष्काळजी राहतील.

दोन मापांतील भेद सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो इंग्लंडमधील ग्रेंज, वेस्ट व कार्ड यांच्या २०१० सालच्या अभ्यासात. त्यात १३,७५६ रुग्णांची, मुख्यत: प्रौढांची, तुलना ७१,६७२ इतर व्यक्तींशी केली होती. एकंदर जोखीम ३.४ पट होती. रोगाच्या उद्रेकात ती ८.४ पट झाली. पुढे उद्रेकाच्या काळाचे दोन भाग केले असता, रुग्णालयात असलेल्यांत गुणोत्तर ३.२ व घरी असलेल्यांत १५.८ आढळले. दर पाहिला तर क्रम उलटतो. रुग्णालयात तो हजार व्यक्ति-वर्षांस ३७.५ व घरी ६.४ होता. रुग्णालयातील रुग्णांची तुलना रुग्णालयातीलच इतर रुग्णांशी केलेली असल्याने व त्यांनाही गुठळीचा धोका असल्याने तेथे गुणोत्तर लहान दिसते, एवढाच याचा अर्थ.

या दरांवरून एक साधे गणित मांडता येते. रुग्णालयातील वास्तव्य दहा दिवसांचे धरले, तर ३७.५ या दराने अशा हजार वास्तव्यांमागे सुमारे एक गुठळी येते. या अभ्यासात उद्रेकाचा काळ १२० दिवसांचा धरला होता. घरी काढलेल्या अशा हजार उद्रेकांमागे ६.४ या दराने सुमारे दोन गुठळ्या येतात. रुग्णालयातील प्रत्येक दिवस अधिक धोक्याचा खरा. परंतु घरचे दिवस संख्येने पुष्कळ असल्याने एकूण गुठळ्यांचा मोठा भाग तेथेही घडू शकतो. उपरोक्त आंतरराष्ट्रीय अभ्यासातील वीस रुग्णांपैकी ४५ टक्केच त्या वेळी रुग्णालयात होते, ही गोष्ट याच्याशी जुळणारी आहे.

गुठळीचे स्थान व लक्षणे

प्रौढांत गुठळी बहुधा पायाच्या खोल नीलांत बनते. पोटरी सुजते, दुखते, गरम लागते. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला की एकाएकी धाप लागते, छातीत कळ येते, आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. या विकारात उदरातील नीलांत, विशेषत: यकृताकडे जाणाऱ्या प्रतिहारी नीलेत, गुठळी होण्याचाही संभव असतो, मोठे आतडे काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो वाढतो.

मुलांत व किशोरांत मात्र एक निराळे स्थान वारंवार आढळते. २०२२ सालच्या अभ्यासातील वीस रुग्णांपैकी निम्म्यांस मेंदूतील अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या नीलाविवरांत गुठळी झाली होती. तिची लक्षणे अशी असतात: न थांबणारी व वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणे, गुंगी, झटके, अथवा शरीराच्या एका बाजूची दुर्बलता. यांपैकी डोकेदुखी सर्वांत आधी येते आणि तिचाच अर्थ चुकीचा लावला जाण्याचा संभव सर्वाधिक असतो. रक्तक्षय झालेल्या, पाणी कमी झालेल्या, स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाचे डोके दुखण्यास इतर कारणे सहज सापडतात. म्हणून रोगाच्या उद्रेकात नव्याने उद्भवलेली व टिकून राहणारी डोकेदुखी नीलांचे चित्रण करून तपासल्यावाचून सोडू नये. रक्तातील डी-डायमरची चाचणी येथे फारशी साहाय्यक होत नाही. कारण शोथामुळेच तिचा आकडा वाढलेला असतो.

प्रतिबंध

गुठळी टाळण्यासाठी दिले जाणारे मुख्य औषध म्हणजे हेपारिन, व विशेषत: त्याचा कमी रेणुभाराचा प्रकार. रक्तस्राव चालू असता रक्त गोठू न देणारे औषध कसे द्यावे, हा वैद्याच्या मनातील संकोच समजण्याजोगा आहे. परंतु अनुभव त्यास दुजोरा देत नाही. १९९१ साली सव्रण बृहदांत्रशोथाच्या काही रुग्णांस हेपारिन दिले असता आतड्याचा विकार बळावण्याऐवजी सौम्य झाल्याचे प्रसिद्ध झाले होते. पुढील चाचण्यांत या रोगावरील औषध म्हणून हेपारिनची उपयुक्तता सिद्ध झाली नाही. मात्र प्रतिबंधक मात्रेत ते दिल्याने गंभीर रक्तस्राव लक्षणीय प्रमाणात वाढत नाही, हे त्यांतून व नंतरच्या पाहण्यांतून दिसून आले.

म्हणून तीव्र बृहदांत्रशोथाने रुग्णालयात दाखल झालेल्या प्रौढास प्रतिबंधक हेपारिन देणे हा आता सर्वमान्य नियम आहे. मुलांसाठी युरोपीय तज्ज्ञसंस्थांनी २०१८ साली दिलेला सल्ला अधिक सावध आहे. तीव्र बृहदांत्रशोथाच्या किशोरवयीन रुग्णास आणखी एखादे जोखीमकारक असल्यास हेपारिन द्यावे. वयात न आलेल्या मुलास अशी किमान दोन कारणे असतील तरच त्याचा विचार करावा. नीलेत घातलेली नळी, संपूर्ण अंथरुणास खिळणे, स्थूलता, धूम्रपान, गर्भनिरोधक गोळ्या, गंभीर जंतुसंसर्ग, पूर्वीची गुठळी व कुटुंबातील तसा इतिहास ही अशी कारणे होत. या भेदामागे दराचाच विचार आहे. जेथे दर लहान, तेथे एक गुठळी टाळण्यासाठी पुष्कळ मुलांस टोचणी व औषध सोसावे लागते. घरी असलेल्या रुग्णांस सरसकट हेपारिन दिले जात नाही, त्याचेही हेच कारण. हजार उद्रेकांतील एखाद-दुसरी गुठळी टाळण्यासाठी हजारजणांस चार महिने रोज सुई टोचून घ्यावी लागेल.

तथापि नियमाच्या सावधपणालाही मर्यादा आहे. त्या वीस मुलांपैकी एकासही प्रतिबंधक औषध दिले गेले नव्हते. प्रचलित सल्ल्यानुसार ते चौघांस द्यावयास हवे होते. उरलेल्या सोळा जणांच्या बाबतीत सल्ला पाळूनही औषध मिळाले नसते. पहिला दोष आचरणाचा आहे, दुसरा ज्ञानाचा. आणि दुसरा दूर करणे हे पुढील संशोधनाचे काम आहे.

हेपारिनवाचून करता येण्याजोगेही पुष्कळ आहे. शरीरातील पाणी भरून काढणे, लोहन्यूनता दूर करणे, रुग्णास शक्य तितक्या लवकर चालविणे, नीलेतील नळी आवश्यकतेपलीकडे न ठेवणे, हे उपाय साधे असले तरी त्रयीतील एकेका कारणावर आघात करणारे आहेत. औषधांची निवडही महत्त्वाची ठरते. स्टेरॉइडांचा वापर व गुठळी यांचा संबंध वारंवार दिसून आला आहे. अर्बुदनाशक घटकास विरोध करणारी जैव औषधे त्या मानाने सुरक्षित ठरली आहेत. टोफॅसिटिनिब या औषधाविषयी अमेरिकेच्या औषध-नियंत्रक संस्थेने २०१९ साली गुठळीच्या धोक्याचा इशारा दिला. तरुण स्त्री-रुग्णास इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांऐवजी अन्य साधन सुचविणे हितकर ठरते.

गुठळी झाल्यावर रक्त गोठू न देणारी औषधे किमान तीन महिने द्यावी लागतात. ती थांबविल्यानंतरही धोका संपत नाही. व्हिएन्नाच्याच २०१० सालच्या अभ्यासात औषध बंद केल्यापासून पाच वर्षांत गुठळी पुन्हा होण्याचा संभव आंत्रविकाराच्या रुग्णांत ३३.४ टक्के, तर इतरांत २१.७ टक्के आढळला. म्हणून औषध केव्हा थांबवावे, याचा निर्णय आतड्यातील शोथ शमला आहे की नाही, हे पाहूनच करावा लागतो.

भारतातील परिस्थिती

हे विकार केवळ पाश्चात्त्य देशांचे आहेत, ही समजूत आता टिकणारी नाही. पंजाबातील एका पाहणीत, जी २००३ साली प्रसिद्ध झाली, सव्रण बृहदांत्रशोथाचे प्रमाण दर लाख लोकसंख्येस ४४.३ आढळले. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. क्रोन रोग व आतड्याचा क्षय हे दोन्ही लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्याशी आढळतात व त्यांतील भेद ओळखणे कठीण असते. क्रोनच्या रुग्णास काही महिने क्षयाचे औषध दिले गेले, तर तेवढा काळ शोथ अनियंत्रित राहतो. आणि शोथाचा काळ हाच गुठळीचा काळ होय. अचूक व शीघ्र निदान हा आतड्याप्रमाणेच शिरांच्या रक्षणाचाही उपाय आहे.

एकंदर विवेचनाचा निष्कर्ष असा की, गुणोत्तर वैद्यास कोणती शंका मनात ठेवावी हे सांगते, व दर कोणते औषध कोणास द्यावे हे सांगतो. शंका बाळगण्यास काही खर्च येत नाही. म्हणून ती प्रत्येक तरुण रुग्णाविषयी बाळगावी. औषधास किंमत असते. म्हणून ते निवडून द्यावे. आतड्यातून रक्त जात असलेल्या मुलाच्या पायाकडे आणि त्याच्या डोकेदुखीच्या तक्रारीकडे वेळीच लक्ष गेले, तर या ज्ञानाचा उपयोग झाला असे म्हणता येईल.